पुढची माहिती नऊ वाजता

रंगनाथनाना आमच्या ऑफिसात नोकरीला लागले असं काही म्हणता येणार नाही. ते तक्रार घेऊन आले होते आणि परत गेलेच नाहीत, एवढंच.

जालन्याच्या नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका बियाण्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. प्रशांत मालक, मी प्रोग्राम लिहिणारी, आणि मदतीला दर सहा महिन्यांनी बदलणारं कुणीतरी. शतक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटर घेतला नाही तर आपण मागं पडू असं मोंढ्यातल्या सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं. आडत दुकानं, बियाणेवाले, पतसंस्था, गावोगावची दूध केंद्रं यांना आम्ही प्रोग्राम करून द्यायचो. करून देणं सोपं. दिलेलं सांभाळणं, म्हणजे आज इथं अडलं, उद्या तिथं बिघडलं, परवा सरकारनं नियमच बदलला, हे खरं काम होतं आणि ते कधी संपायचं नाही. फोन करणाऱ्याला एकच प्रश्न असायचा, कधी होईल? नेमकं तेच आम्हाला ठाऊक नसायचं. म्हणून फोन वाजला की मी आणि प्रशांत एकमेकांकडे बघायचो, आणि फोन वाजून वाजून आपोआप बंद व्हायचा.

नाना तेव्हा एसटीतून नुकतेच निवृत्त झाले होते. स्टँडवर काचेमागं बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. भोकरदन, अंबड, तीर्थपुरी ही नावं निम्म्या जिल्ह्यानं त्यांच्याच आवाजात ऐकलेली. त्यांच्या गल्लीतल्या पतसंस्थेत आमचा प्रोग्राम अडून बसला होता, आणि संचालकांनी ‘तुम्हाला फुरसत आहे, तुम्ही जाऊन बसा’ म्हणून त्यांना धाडलं होतं. ते खरोखरच येऊन बसले. पांढरा शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. त्यातली एक काडी गालात धरून ते सकाळपासून आमच्या बाकावर होते.

“फोन वाजून राह्यलाय,” दुपारी ते म्हणाले.

“हो, बघतो,” प्रशांत स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तेव्हा नाना उठले. काडी खिशात ठेवली, दोनदा खाकरले, एक हात कानामागं नेला आणि रिसीव्हर उचलला.

“बोला, जालना.”

पलीकडं अंबडचा एक आडत्या होता. तो जे बोलला ते आम्हाला खोलीच्या या टोकाला ऐकू आलं, आणि ते लिहिण्याजोगं नाही. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं, रिसीव्हरवर हात ठेवून प्रशांतला विचारलं, “यांचं होनार का आज?” प्रशांतनं नकारार्थी मान हलवली. “उद्या?” प्रशांतनं खांदे उडवले. नाना पुन्हा फोनवर आले, आणि बोलायला लागले ते अगदी स्टँडवरच्या भाषेत. “आपलं काम आज होणार नाही. उद्या होईल की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. उद्या अकरा वाजता मी स्वतः फोन करून कळवतो. तोपर्यंत आपण आपली दुसरी कामं करून घ्यावीत.”

मी मनात म्हटलं, आता हा आडत्या मोटारसायकल काढून इथं येणार. पण तो “बरं” म्हणाला. नुसतं “बरं”, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचं काम झालेलं होतं, नानांना यायचं काही कारण नव्हतं. पण अकराला पाच कमी असताना ते जिना चढून वर आले. अंबडला फोन करायचा शब्द दिला होता ना! फोन झाला, तेवढ्यात दुसरा वाजला, तोही त्यांनी घेतला. असं महिनाभर चाललं. मग प्रशांतलाच लाज वाटली आणि त्यानं त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि थोडा पगार ठरवला. पगारापेक्षा खुर्चीवर त्यांनी जास्त खळखळ केली, कारण तिला हात होते आणि त्यांना हाताची खुर्ची चालायची नाही. माणूस रेलला की आवाज पोटातून येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॉम्प्युटरमधलं नानांना काहीही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. फ्लॉपीला ते शेवटपर्यंत ‘पाटी’ म्हणाले. मी एकदा त्यांना माउस कसा धरायचा ते दाखवायला गेले, तर म्हणाले, “मॅडमबाई, मी तीस वर्षं गाड्या पुकारल्या, पन ष्टेरिंगला हात लावला न्हाई. ज्याचं काम त्यानं करावं.” मॅडमबाई हे माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं होतं आणि ते मोंढाभर झालं.

त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दारासमोरच्या भिंतीवर फळा लावला. कुणाचं काय बिघडलंय, कोण बघतंय आणि पुढची खबर किती वाजता, हे रोज सकाळी खडूनं लिहायचं. अक्षर मोठं, फलाट क्रमांकासारखं लांबून दिसणारं. दुसरं म्हणजे त्यांनी आमच्या तोंडचे दोन शब्द बंद केले. ‘लवकरच’ आणि ‘थोड्या वेळात’.

“लवकरच म्हंजे किती वाजता?” ते विचारायचे.

“नाना, लवकरच म्हणजे लवकरच.”

“तसं न्हाई. घड्याळात दाखवा.”

आता प्रोग्राममधली चूक कधी सापडेल हे ब्रह्मदेवालाही घड्याळात दाखवता यायचं नाही. मी चिडायचे. पण नानांना काम कधी होईल हे नकोच होतं, हे मला हळूहळू कळलं. त्यांना फक्त पुन्हा कधी बोलायचं ती वेळ हवी असायची. ती वेळ झाली की काही नवीन असो वा नसो, ते फोन लावायचेच. “नमस्कार. काम अजून झालेलं नाही. नवीन माहिती नाही. पुढची माहिती चार वाजता.” काही सांगायला नसताना फोन कशाला करायचा, असं प्रशांतनं एकदा खर्च आठवून विचारलं. तेव्हा त्यांनी आम्हाला एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली.

“मी नवीनच लागल्तो. जवळच्याच एका गावची गाडी येताना वाटंत पंक्चर होऊन पडल्ती. येती का न्हाई, मलाच ठाऊक नव्हतं. मंग मी माइकवर काहीच बोललो न्हाई. म्हनलं, पक्की खबर आली की सांगू. एक म्हतारा दुपारपासून बसल्ता. दिवस कलला तसा काचेपाशी आला. भांडला न्हाई, वरडला न्हाई. म्हनला, साहेब, मला ठाऊक न्हाई एवढं जरी तुम्ही म्हनले असते ना, तर मी पायी निघालो असतो. आतापस्तोर घरी पोचलो असतो.”

एवढं सांगून नानांनी ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात नेली. “तो शिव्या देता तर मी विसरलो असतो,” ते म्हणाले.

तेव्हापासून प्रशांतनं फोनच्या बिलाचा विषय काढला नाही.

पण म्हणून नाना म्हणजे शहाणपणाची मूर्ती होते असं कुणी समजू नये. खरं सांगायचं म्हणजे किती खरं सांगायचं, याला त्यांच्याकडं काही मापच नव्हतं. प्रशांत एकदा अंबडला मुलगी बघायला गेला. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेठजींचं बिल छापायचं अडलं. नानांनी त्यांना कळवलं, “आपलं काम प्रशांतराव बघणार आहेत. ते मुलगी पाहण्यासाठी अंबडला गेलेले आहेत. साडेचारच्या गाडीनं परत येणं अपेक्षित आहे.” हीच घोषणा त्यांनी त्या दिवशी ज्याचा ज्याचा फोन आला त्याला ऐकवली. साडेचारला प्रशांत जिना चढला तेव्हा शेठजी वर येऊन बसले होते. “बिल का छोडो,” ते म्हणाले, “लडकी पसंद आयी के नही?”

प्रशांतनं नानांना आतल्या खोलीत नेलं. “नाना, हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं का?”

“मंग काय सांगू? काम चालू हाय म्हनू?” नाना खरोखरच गोंधळले होते. “चालू न्हाई ना. तुम्ही तिकडं पोहे खाऊन राह्यल्ते.”

ती मुलगी काही जमली नाही, आणि तेही नानांनी विचारणाऱ्याला विचारणाऱ्याला कळवलं. पुढचा आठवडाभर जो तो फोनवर आधी प्रशांतचं सांत्वन करायचा आणि मग आपली अडचण सांगायचा. त्यातच भोकरदनच्या एका आडत्यानं आपल्या भाचीचं स्थळ सुचवलं, आणि प्रशांतचं लग्न तिच्याशी झालं. भोकरदनच्या त्या मांडवातही नाना गप्प बसले नाहीत. मुहूर्त टळून गेला, वरात येईना, वऱ्हाडी ताटकळलेले. मांडवातला माइक मोकळा दिसताच नाना उठले, दोनदा खाकरले. “वऱ्हाडी मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. नवरदेव मारुतीच्या पारापाशी नाचणाऱ्या मंडळींत अडकलेले आहेत. मुहूर्त टळलेला आहे. लग्न कधी लागेल हे सांगता येत नाही. लेकराबाळांनी जेवून घ्यावे. पुढची माहिती दोन वाजता.” मुलीकडच्या मंडळींनी आधी डोक्याला हात लावला आणि मग पंगती मांडल्या. प्रशांतची बायको आजही म्हणते की आमच्या लग्नात नवरा सोडून सगळं वेळेवर झालं.

घरीही हाच कारभार. “भाजी करपायला लागली की आधी मला सांग, करपल्यावर सांगू नकोस, असं म्हनतेत,” नानी मला एकदा पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही न सांगता उशिरा घरी आला नव्हता, हे मात्र त्यांनी अभिमानानं सांगितलं. उशिरा रोजच यायचे म्हणे, पण सांगून.

मला नाना खरे कळले ते तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावात.

तिथं बायांचं दूध केंद्र होतं. शाळेशेजारी पत्र्याची खोली, आत वजनकाटा, दुधाचं फॅट सांगणारं यंत्र आणि त्याला जोडलेला आमचा कॉम्प्युटर. किटली ओतली की वजन, फॅट आणि भाव छापलेली पावती बाईच्या हातात. सुमित्रा ही केंद्राची सचिव, त्याच गावची सून, माझ्याच वयाची. कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून ती गावाच्या बैठकीत एकटी उभी राहून बोलली होती. हातानं लिहिलेल्या आकड्यावर कुणाचा विश्वास नसतो, छापलेल्यावर असेल, असं तिचं म्हणणं. बाप्यांनी हसून घेतलं होतं. फाट्यावर एक खासगी दूधवाला मोटारसायकलला कॅन बांधून उभाच असायचा. तो म्हणायचा, बायांचं मशीन बंद पडू द्या, मग सगळं दूध माझ्याकडंच. त्यात खोटं काही नव्हतं. दूध ठरल्यापेक्षा कमी झालं तर संघाचा टेम्पो त्या गावात वळणार नव्हता, आणि टेम्पो थांबला की केंद्र संपलं. बायांचं आणि सुमित्राचंही.

आणि मशीन बंद पडायला लागलं. प्रोग्राम जुना झाला होता, डिस्क कुरकुर करत होती. दोन्ही बदलायचं आणि आधीच्या सगळ्या नोंदी नव्यात आणायच्या, तेही सकाळ-संध्याकाळ दूध घेणं न थांबवता, असं ते किचकट काम होतं. चार-पाच दिवस तिथं राहावं लागणार होतं. मी निघाले तर नाना आपली पिशवी घेऊन स्टँडवर हजर.

“तुम्ही कशाला, नाना?”

“तुम्ही काम करा. मी खबर देतो.”

“कुणाला? सुमित्रा तर माझ्याशेजारीच असणार.”

“किटली कोन घेऊन येतं?” नाना म्हणाले. “सुमित्रा का?”

मी सुमित्राच्या घरी उतरले, नाना मारुतीच्या देवळात. पोचल्या पोचल्या त्यांनी पुजाऱ्याकडून देवळाचा भोंगा मागून आणला आणि केंद्राच्या पत्र्यावर बांधून घेतला. संध्याकाळी बाया रांगेत लागल्या आणि माझ्या डोक्यावर जालना स्टँड सुरू झालं. “दूध घेऊन आलेल्या माता-भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. आपल्या केंद्राच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती आजपासून सुरू झालेली आहे. ती पाच दिवस चालेल असा अंदाज आहे. अंदाज चुकल्यास कळवण्यात येईल.” बाया एकमेकींना कोपरानं ढोसत हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जरा लवकरच आल्या. आज काय सांगतात ते ऐकायला!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा नव्या प्रोग्रामवर दूध घेतलं. वजन बरोबर आलं, फॅट बरोबर आलं, फक्त पावत्या छापणारं यंत्र अजून जुळत नव्हतं. नानांनी तसं सांगितलं, आणि पुढं सांगितलं, “आजची पावती उद्या सकाळी मिळेल.” रांग संपली, शेवटची किटली रिकामी झाली, आणि लाईट गेली. आली तेव्हा त्या संध्याकाळची एकही नोंद जागेवर नव्हती.

मी शोधलं, पुन्हा शोधलं. पहाटे पुन्हा बसले. शाळेतल्या फोनवरून प्रशांतला उठवलं. तो म्हणाला, मी डिस्क घेऊन जातो, औरंगाबादला दाखवतो, निघेलही काही. तोपर्यंत यंत्र दुरुस्त होतंय एवढंच सांगा. नोंद गेली म्हणाल तर फाट्यावरचा माणूस पेढे वाटेल.

ते चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. बाहेर किटल्या वाजायला लागल्या होत्या. सुमित्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. नानांनी माइक हातात घेऊन तिच्याकडं बघितलं.

“माझ्या तोंडानं मी पावती देतो म्हनलो,” ते म्हणाले. “आता न सांगता त्यांचं आजचं दूध कसं घेऊ? थांबायचं का पायी निघायचं, ते त्यांना ठरवू द्या. पन केंद्र तुमचं हाय, सुमित्राबाई. तुम्ही न्हाई म्हनल्या तर मी बोलनार न्हाई.”

सुमित्रानं डोळे मिटले. सगळा गाव हसला तेव्हा जे तिनं पणाला लावलं होतं, ते आता या म्हाताऱ्याच्या हातातल्या माइकवर होतं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. मी असते तर नाहीच म्हटलं असतं.

“सांगा, नाना,” ती म्हणाली. “पन मी तुमच्यापाशी उभी राह्यते.”

दोघं बाहेर गेले. नाना खाकरले, कानामागं हात नेला.

“दूध घेऊन आलेल्या माता-भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. काल संध्याकाळच्या दुधाची नोंद लाईट गेल्यामुळे पुसली गेलेली आहे. ती परत मिळेल का, हे सांगता येत नाही. आज सकाळी पावती देतो असं मी म्हणालो होतो. ती मी देऊ शकत नाही.” इथं त्यांचा आवाज किंचित हलला. मी तो तसा पूर्वी ऐकला नव्हता. “आजचं दूध घालायचं की नाही, हे आपण ठरवावे. पुढची माहिती नऊ वाजता.”

मग रांगेतली मागची एक बाई किटली उचलून फाट्याकडं चालायला लागली. तिच्यामागं दुसरी. सुमित्रा त्यांच्याकडं बघत तशीच उभी राहिली.

रांगेत सगळ्यांत पुढं ठकूआजी होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आगं, म्हैस काय एका दिवसात बदलती का? परवाच्या सांजंला जेवढं झाल्तं तेवढंच कालचं धरा की. त्यात काय एवढं?”

कुजबुज सुरू झाली. धरता येईल खरं, पण एखादीचं काल जास्त असेल, कुणाचं कमी असेल, ते कोण बघणार? तेवढ्यात रांगेच्या मधून एक तरुण बाई पुढं आली. कडेवर पोर, डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, “माझं परवासारखं धरू नका. काल वगार सुटल्ती, निम्मं दूध तिनंच ओढलं. माझं कमी धरा.”

हे तिनं कुणीही विचारलेलं नसताना सांगितलं. आणि मग जणू बोलायची परवानगीच मिळाली. कुणाची म्हैस आटत आली होती, कुणी काल पाहुण्यांसाठी दूध घरी ठेवलं होतं. एक म्हणाली, माझं लिटरभर जास्त होतं, आणि शेजारणीनं लगेच सांगितलं, व्हय, मी पाह्यलंय. सुमित्रा खाली बसून एकेकीचं ऐकायला लागली. तिचे डोळे वाहत होते आणि ते ती पुसतही नव्हती. फाट्याकडं निघालेल्या दोघींतली एक गडबड ऐकून अर्ध्या वाटेवरून परत आली. दुसरी गेली ती गेली.

सगळं सकाळचं दूध घेऊन टेम्पो निघून गेला. बाया रानात गेल्या. केंद्रापुढं दोन कोंबड्या आणि एक झोपलेलं कुत्रं उरलं. मी पावतीच्या यंत्राशी झगडत होते, तेवढ्यात डोक्यावर खरखर झाली.

“माता-भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. नऊ वाजलेले आहेत. नवीन माहिती नाही.”

मी बाहेर येऊन म्हटलं, “नाना, इथं कुणी नाहीये.”

“नऊ म्हनलो व्हतो,” ते म्हणाले, आणि भोंग्याची वायर गुंडाळायला लागले.

ती घोषणा रानात ऐकू गेली होती. खुरपणाऱ्या बायांनी खुरपी थांबवून ती ऐकली, आणि हा माणूस काही नाही तरी बोलला, म्हणजे काही असतं तर नक्की बोलला असता, असं ठकूआजी म्हणाल्या. हे मला सुमित्रानं संध्याकाळी सांगितलं. त्या संध्याकाळची रांग आदल्या दिवशीच्यापेक्षा लांब होती. डिस्कमधून पुढं काहीच निघालं नाही, आणि तेही नानांनी भोंग्यावरून कळवलं.

पुढं काही वर्षांनी नानांचा घसा बसायला लागला. ज्येष्ठमधानं भागेना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. “आवाज राहील का?” नानांनी विचारलं. “बघू या,” डॉक्टर म्हणाले. “बघू म्हंजे कधी?” असं नानांनी विचारल्यावर डॉक्टर खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी सांगितलं की जीव राहील, आवाज राहणार नाही. नाना त्यांना मनापासून धन्यवाद देऊन आले.

मग चार दिवस ते त्यांच्या बिनहाताच्या खुर्चीवर ताठ बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत होते. “नमस्कार. जालन्याहून रंगनाथ बोलतोय. आपलं काम व्यवस्थित चालू आहे. पुढच्या सोमवारपासून माझा आवाज बंद होणार आहे. तो पुन्हा सुरू होणार नाही. यापुढची माहिती मॅडमबाई देतील.” अंबडच्या त्या आडत्यानं, ज्यानं पहिल्या दिवशी शिव्यांची लाखोली वाहिली होती, नानांना म्हणे एकच विनंती केली, पुन्हा एकदा ‘बोला, जालना’ म्हणा. नानांनी म्हटलं. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, आणि बाहेर आले तेव्हा पुढचा फोन माझ्या हातात देण्यात आला.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच गावात. मी तोवर पुण्याला नोकरीला गेले होते. सुट्टीत जालन्याला आले, त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी चपला घातल्या आणि नुसते ओठ हलवून म्हणाले, “तीर्थपुरी.” सकाळच्या गाडीनं निघालो, दुपार सुमित्राच्या घरी काढली आणि उन्हं उतरल्यावर केंद्रावर गेलो. पत्र्याच्या खोलीच्या जागी आता पक्की इमारत होती, दूध थंड करायची टाकी होती, कॉम्प्युटर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा होता. रांग रस्त्यापर्यंत आली होती. ठकूआजींची नात त्यांची किटली घेऊन उभी होती. आणि रांग हलत नव्हती, कारण यंत्र बंद पडलं होतं.

आम्ही समोरच्या पुलाच्या कठड्यावर टेकलो. एवढ्यात वरून खरखर ऐकू आली. भोंगा तोच होता. दोनदा खाकरल्याचा आवाज, आणि मग सुमित्रा.

“दूध घेऊन आलेल्या माता-भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. यंत्र बंद पडलेलं आहे. कधी सुरू होईल, ठाऊक नाही. पुढची माहिती सहा वाजता.”

नानांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. चहा आला तो त्यांच्या हातातच निवला. रांगेतल्या बाया खाली बसल्या, एकीनं शेंगा काढल्या, कुणी फाट्याकडं बघितलंसुद्धा नाही. नानांची नजर मात्र घड्याळावरून हलत नव्हती. सहाला मिनिटभर उरलं तेव्हा त्यांनी एक हात कानामागं नेला आणि ते तसेच थांबले.

बरोबर सहाला भोंगा खरखरला. “सहा वाजलेले आहेत. यंत्र अजून सुरू झालेलं नाही. नवीन माहिती नाही.”

नानांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि चेहरा भरून हसले. इतक्या वाईट बातमीनं इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.